नानांची फक्की

नानांनी ताट पुढं सरकवलं तेव्हा त्यातली भाकरी एका घासानं कमी झाली होती, आणि तो घासही त्यांनी खाल्ला की खिडकीतल्या मांजरीला टाकला याबद्दल आशाचं आणि माझं एकमत होत नव्हतं. आशा माझी बायको, नाना माझे वडील. तिचं म्हणणं असं, की नाना आपल्याकडं आल्यापासून मांजर अंगानं भरली आहे, नाना भरलेले नाहीत. हा पुरावा मला मान्य करावा लागला.

माय गेली, तिचं तेरावं झालं, आणि आम्ही दोघा भावांनी ठरवलं की नानांना जरा बदल हवा. धाकटा गावी शेती बघतो, खुलताबादच्या डोंगराकडं. मी औरंगाबादला, गारखेड्यात, पाटबंधारे खात्याच्या आवक-जावक शाखेत. बदल म्हणून नाना माझ्याकडं आले. बदल इतकाच झाला, की गावाकडं ते ओट्यावर बसून जेवत नव्हते ते इथं दिवाणावर बसून जेवेनात. विचारलं की उत्तर एकच. पोट बरं नाय. सदरा त्यांच्या खांद्यावरून घसरायला लागला होता आणि मनगटं माझ्या पोराएवढी झाली होती. एक माणूस गेलंच होतं. दुसरंही चाललंय की काय, या भीतीनं मला ऑफिसात बसवेना.

आता नानांचं पोट ही आमच्या घरातली जुनी बाब. मला कळायला लागलं तेव्हापासून नाना संध्याकाळी जेवण झालं की पोटावर हात ठेवत आणि दुखतंय म्हणत. माय आतून पितळी डबी घेऊन येई, त्यांच्या तळहातावर फक्की टाकी, आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी राही. फक्की म्हणजे चूर्ण, तोंडात टाकायचं आणि वर पाणी प्यायचं. नाना ती गिळायला भलताच वेळ लावत. तेवढ्यात दोघांचं हळू आवाजात काहीतरी चाले, ते औषधाबद्दलच असणार असं आम्ही पोरं धरून चाललो होतो. डबीला हात लावायची आम्हाला बंदी होती.

उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरांनी नानांचं पोट वरून दाबलं, आतून बघितलं, रक्त तपासलं, आणि सांगितलं की या वयात इतकं चांगलं पोट त्यांनी बघितलेलं नाही. त्यांनी हे इतक्या कौतुकानं सांगितलं की नानांना राग आला. रिक्षात ते माझ्याशी बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, “डाक्टरला काय ठाव. तुझ्या मायची फक्की पोटात गेल्याबिगर मला अन्न गोड लागायचं नाय.”

मग काय, फक्कीच करायची. हे काही फार मोठं काम नव्हे असं मला वाटलं. माझ्या आयुष्यातली सगळी मोठी संकटं याच वाक्यानं सुरू झालेली आहेत.

डबीत उरलं असेल म्हणून गावी फोन केला, तर भावजयीनं डबी चिंचेनं लख्ख घासून तिच्यात हळद भरलेली. माय फक्की कशाची करायची ते तिला माहीत नव्हतं. मग दगडाबाई काकूला फोनवर बोलावलं. काकू म्हणजे मायची जाऊ. दोघींनी एका चुलीवर अर्धा जन्म काढला. काकूचा फोनवर विश्वास नाही, त्यामुळं ती गावातून थेट गारखेड्याला ऐकू जाईल अशा बेतानं बोलते. तिनं सांगितलं, आपल्या घरची फक्की एकच, सासूपासून चालत आलेली. बाळहिरडा एरंडेलात फुलवायचा, सोनामुखी, सुंठ, ओवा, हिंग, शेंदेलोण. किती किती? हिरडा पसाभर, बाकी अंदाजानं. मी म्हणालो, काकू, अंदाज म्हणजे काय? ती म्हणाली, अंदाज म्हंजी अंदाज. सरकारी नोकरीत माझं अंदाजपत्रकाशिवाय पान हललेलं नाही, पण नुसत्या अंदाजाशी माझी ही पहिलीच गाठ होती.

शहागंजात मुनीरभाईंचं काष्ठौषधीचं दुकान आहे. तिथं मी सगळं सामान घेतलं. त्यांनी सोनामुखी तोलता तोलता विचारलं, किती माणसांसाठी? एकासाठी म्हटल्यावर त्यांनी तराजूतली मूठभर परत पोत्यात टाकली आणि म्हणाले, “साब, ये जरा संभालके. जास्ती हुआ तो आदमी घर में दिखताच नहीं.” मी नोकरदार माणूस, दुकानदाराचा विनोद मनावर घेत नाही, म्हणून ती मूठ पुन्हा तराजूत टाकायला लावली.

पहिला प्रयोग खलबत्त्यात झाला. हिरडा नीट फुलला नव्हता, त्यामुळं तो खलबत्त्यातून उडून घरभर गेला आणि माझा अंगठा तेवढा कुटला गेला. जे काही झालं ते वस्त्रगाळ करून नानांपुढं धरलं. नानांनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि म्हणाले, “ही ती नाय.”

दुसऱ्या खेपेला एरंडेल जास्त झालं आणि घराला असा वास सुटला की दूधवाला दाराबाहेरूनच माप ओतून गेला. तिसऱ्या खेपेला मी मिक्सर वापरला. आशाच्या मिक्सरचं पातं हिरड्यावर तुटलं आणि आशाचं माझ्याशी बोलणं बंद झालं. दोन्ही वेळा नानांनी चव घेतली आणि तेच सांगितलं. ती नाय.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, आणि तीच मला सोडवेना. चव घेतली की नाना बोलत. एरवी दिवसभर भिंतीकडं बघत बसणारा माणूस म्हणे, तिची अशी खारट नव्हती. तिची जरा खरपूस व्हती. भाजताना ती गाणं म्हनायची. मग ते गाणं कुठलं, ते तिनं कुणाकडून उचललं, तिचा आवाज कसा जात्यावर चांगला लागायचा, असं कुठल्या कुठं जात, आणि बोलता बोलता ताटातले दोन-तीन घास खाऊन टाकत. आशानंही हे पाहिलं. तिनं अबोला मोडला आणि म्हणाली, अजून एकदा करून बघा. मिक्सर राहू द्या.

आमच्या कॉलनीत तात्यासाहेब राहतात. भूमी अभिलेखातून निवृत्त झाल्यापासून ते लोकांच्या पोटाची मोजणी करतात. जगातलं कुठलंही दुखणं, अगदी चष्म्याचा नंबरसुद्धा, पोटातून निघतो असं त्यांचं मत आहे. एरंडेलाच्या वासावरच ते आले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी माझी कीव केली. म्हणाले, मिक्सरच्या उष्णतेनं औषधाचा जीव जातो. दगडावर दळलं पाहिजे. तुमच्या मातोश्री जात्यावर दळत असणार. आता जातं कुठून आणायचं? तर पुंजारामच्या गिरणीत दगडच आहे. फक्त पसाभर टाकलं तर दगड ते खाऊन टाकील, दळण म्हणून शोभेल एवढं तरी पाहिजे. चारेक किलो करा. उरेल ते कॉलनीला वाटू. माझं नाव आधी धरा, म्हणाले.

हे कॉलनीत पसरलं. तोपर्यंत मला वाटत होतं की आमची कॉलनी सुखी आहे. पण रस्त्यात थांबवून लोक एकेक गोष्टी सांगायला लागले. ज्यांच्याशी माझा नमस्कारापुरता संबंध, त्यांनी मला त्यांची सकाळ कशी जाते ते सविस्तर सांगितलं. मी कॉलनीचा सचिव असल्यामुळं ऐकून घ्यावं लागलं. सचिवाचं काम पाणी, दिवे आणि गणपतीची वर्गणी एवढंच असतं अशी माझी समजूत होती. जो तो म्हणे, जरा जालीम करा. काकूला पुन्हा फोन केला, तर तीही म्हणाली, ती नाय म्हनतोय ना, मग सोनामुखी कमी पडत आसंल. वाढव.

मी वाढवली. मोकळेपणानं वाढवली.

पुंजारामनं आधी साफ नाही म्हणून सांगितलं. ज्वारीच्या दगडावर औषध दळत नसतात, पुढच्याच्या दळणाला वास लागतो. मी त्याला नानांची गोष्ट सांगितली. त्यानं नानांना पाहिलं होतं. गिरणीसमोरच्या पारावर ते कधीमधी येऊन बसत. पुंजाराम म्हणाला, “आना बरं. पन सगळ्यात शेवटी. माघारी मी दगड झाडून घेतो.” मी मात्र ऑफिसला अर्धी रजा टाकून आलो होतो, आणि सरकारी माणसाची अर्धी रजा संध्याकाळपर्यंत ताणता येत नाही. मी रांगेत सगळ्यांच्या पुढं लागलो, आणि पुंजारामनं नाइलाजानं माझंच आधी घेतलं. रांगेतले लोक काही बोलले नाहीत, कारण त्यांना सगळ्यांना त्यातलंच हवं होतं.

निम्मं दळून झालं आणि लाइट गेली. लाइट कधी येईल ते देवाला ठाऊक. खाली पडलं होतं तेवढं मी पिशवीत भरलं आणि हिंगानं शिंकत घरी आलो. वर पेटीत आणि दगडांत उरलं होतं त्याचं मला भान राहिलं नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात एकच होतं, नानांना कधी देतो. तिकडं लाइट आली तेव्हा पुंजाराम जेवायला गेलेला. त्याच्या भाच्यानं गिरणी सुरू केली आणि रांगेत होते ते ज्वारीचे डबे, त्यांत आमचाही, एकापाठोपाठ एक वरून ओतले. संध्याकाळी त्या पिठाच्या भाकरी झाल्या. घाईत कुणाला काही कळलं नाही. एकदोघांना हिंगाचा वास आला, तर त्यांनी बायकोचं कौतुक केलं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीत कुणी दिसेना.

शाळेची रिक्षा रिकामी गेली. पाण्याच्या टाक्या उजाडायच्या आत संपल्या. तात्यासाहेब कंपाउंडच्या भिंतीला धरून माझ्याकडं आले, ओटीपोटावर हात दाबून, आणि म्हणाले की पाण्याच्या पाइपात नक्की गटार शिरलं आहे, सचिव या नात्यानं तुम्ही अर्ज करा. मी अर्ज लिहिला. दणदणीत लिहिला. आरोग्य खात्याची माणसं त्याच दुपारी आली, घरोघर बाटल्यांत पाणी भरून घेतलं, चुना टाकला, लोकांना उकळून प्यायला सांगितलं. त्यांच्या पंचनाम्यावर पहिली सही माझी. त्यांनी प्रत्येक घरात विचारलं की काल काय खाल्लं, आणि प्रत्येक घरात भाकरी निघाली. गिरणीचा पत्ता विचारला तेव्हा मला वर पेटीत राहिलेलं दळण आठवलं. पाणी स्वच्छ निघालं. पुंजारामनं दगड उचकटून त्यांच्यापुढं ठेवला. दगडाच्या खाचांत माझ्या आजीपासून चालत आलेली फक्की गच्च बसलेली होती.

सगळ्या कॉलनीत एकाच माणसाचं पोट ठणठणीत होतं. नानांचं. त्यांनी भाकरी खाल्लीच नव्हती.

संध्याकाळी माणसं पिठाचे डबे घेऊन आमच्या घरी आली. बसायला जागा नव्हती, आणि खरं तर फार वेळ बसायची कुणाची तयारीही नव्हती. मी ज्वारी भरून द्यायचं कबूल केलं. सचिवपदाचा राजीनामा दिला, त्याला कुणी नको म्हटलं नाही. लोकांनी मला जे जे म्हणून घ्यायचं ते म्हणून घेतलं. शिकलेला माणूस, सरकारी माणूस, स्वतःच्या बापासाठी गावाला विष घालणारा माणूस. मी मान खाली घालून ऐकत होतो. मला शरमेपेक्षा रडू जास्त येत होतं, कारण एवढं रामायण ज्या फक्कीपायी झालं तिचीही काल दुपारी नानांनी चिमूट जिभेवर ठेवली होती आणि म्हणाले होते, ही ती नाय. या खेपेला गाण्याचंही काही बोलले नाहीत.

तात्यासाहेब अशक्तपणामुळं सौम्य झाले होते. त्यांनी नानांपुढं हात जोडले आणि म्हणाले, नाना, आमचं झालं ते झालं, पण तुमचं पोट नेमकं कधीपासून दुखतं ते तरी सांगा, म्हणजे आपण मुळाशी जाऊ. नाना दिवाणावर बसले होते. एकेकाच्या उतरलेल्या तोंडाकडं बघत होते. लोक आले तसे घाईनं गेले.

आशा दार लावून आली. आम्ही दोघं खाली जमिनीवर बसलो. मग नाना म्हणाले, “रामकिसन, माझं पोट कंदी दुखलंच नाय रे.”

मला वाटलं, अशक्तपणामुळं ते काहीतरी बोलतात. मी उठून पाणी आणायला लागलो. त्यांनी बस म्हणून खूण केली आणि माझ्याकडं न बघता, भिंतीला सांगावं तसं सांगायला लागले. निजामावरचं पोलीस ॲक्शन झालं त्याच्या दुसऱ्या साली त्यांचं लग्न झालं. घर माणसांनी भरलेलं, बाप ओट्यावर, आई चुलीपाशी. दिवसाउजेडी बायकोशी बोलायचं म्हणजे लाज सोडल्यासारखं. ती मागच्या दारानं पाण्याला जायची, हे पुढच्या दारानं शेतावर. तिचं तोंड नीट बघायला मिळेना. ती नवी होती आणि माहेरासाठी रडते असं बहिणीकडून कळलं होतं, पण विचारणार कसं?

“येक दिवस जेवताना म्हनलं, पोट दुखतंय,” नाना म्हणाले. “आई म्हनली, द्वारका, त्याला फक्की दे. आली ती. हातावर फक्की टाकली, तांब्या धरून हुभी राह्यली. औषध देतीय म्हनल्यावर कोन काय बोलनार? मी इचारलं, रडती काहून? ती म्हनली, नाय रडत. मंग दुसऱ्या दिवशी बी दुखलं.”

आणि मग रोजच दुखलं. नानांचे आईबाप गेले, भाऊ वेगळे झाले, घरात बोलायला बंदी करणारं कुणी उरलं नाही, तरी दुखत राहिलं. मी विचारलं, मायला हे माहीत होतं का? सोनामुखी रोज पोटात गेली तर माणूस वर्षभर टिकायचा नाही. नाना जरा हसले. माय गेल्यापासूनचं ते त्यांचं पहिलं हसणं.

“सोनामुखी नव्हतीच तिच्यात. ती घरच्यांची फक्की. माझ्यासाठी येगळी करायची, चोरून. जवस अन् बडीशेप भाजायची, वर गुळाचा खडा कुटायची. दुखत नाय हे तिला पयल्याच दिवशी कळलं आसंल. पन ती कंदी म्हनली नाय, मी बी कंदी म्हनलो नाय.”

आशानं पदर तोंडाला लावला. जवस घरात होता. बडीशेप होती. तिनं उठायचं केलं तेव्हा नाना म्हणाले, राहू दे पोरी, तशी करू नको. आणि मग पोटावर हात ठेवून, ते नेहमी ठेवत तसाच ठेवून, म्हणाले, “आता दुखतंय. आता खरं दुखतंय, अन् सांगू कुनाला?”

मी त्यांच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडलो. मायसाठी मी तेराव्यालाही इतका रडलो नव्हतो.

त्यानंतर नाना जेवायला लागले. आम्ही फार झटलो म्हणून जेवायला लागले. अर्धी भाकरी, वाटीभर वरण, आणि आशाला म्हणत, चांगलं झालंय, पाहुण्यानं म्हणावं तसं. पोटाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. पौषात, दुपारी, दिवाणावर बसल्या बसल्या ते गेले.

कॉलनीची माणसं आली. ज्यांच्या ज्वारीचं मी वाटोळं केलं होतं तीसुद्धा आली. पुंजाराम गिरणी बंद ठेवून आला. खांदा द्यायला पुढं होणाऱ्यांत तात्यासाहेब होते. परत आल्यावर ते माझ्याजवळ पायरीवर टेकले आणि हळहळत म्हणाले, की ते तेव्हापासून सांगत होते, पोटाकडं दुर्लक्ष झालं. डॉक्टरांना काही सापडलं नाही म्हणून काय झालं, दुखणं पोटातच होतं.

एरवी मी तात्यासाहेबांना कधी बिनविरोध बोलू दिलेलं नाही.

“हो,” मी म्हणालो, “जुनंच दुखणं होतं. माय होती तोवर फक्की द्यायची.”